तिसरीतल्या पोराच्या उंचीवरून

बालपणावर शॉर्टफिल्म करायची म्हटलं की वहीच्या पहिल्या पानावर हमखास आजोळ येतं, वाडा येतो, उन्हाळ्याची सुट्टी येते. एवढ्यावर सीन उभा राहत नाही. आम्ही लिहायला बसतो तेव्हा आठवण आधी चार रकान्यांत मोडतो. हातांनी काय केलं, कानांवर काय पडलं, त्या वेळी काय कळलं नव्हतं, आणि ते कोणाला कळलं होतं. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर ती आठवण घरच्यांना सांगायला छान असते, फिल्मला पुरत नाही. मोठं होणं म्हणजे तिसऱ्या रकान्यातली गोष्ट चौथ्याकडून आपल्यापर्यंत पोचणं. दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये हा प्रवास एकदाच होऊ शकतो, त्यामुळे आठवणही एकच घ्यायची.

उदाहरण म्हणून एकच पटकथा धरून पुढचं सगळं सांगतो. १९९५ सालचं सोलापूर, गिरणीकामगारांची गल्ली. तिसरीतला पोरगा रेशनच्या रॉकेलच्या रांगेत कॅन घेऊन उभा आहे. मागच्या दोघी बायका बोलताहेत, "त्येच्या बापाला परत घेईनात म्हणं गिरणीत." पोराचं लक्ष रांगेतल्या पुढच्या रॉकेलच्या डब्याकडे आहे. वडील रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन जातात कुठे, हा प्रश्न त्याला रांग संपेपर्यंत पडत नाही. कॅन भरतो, तो घरी येतो, आणि रिकाम्या डब्याच्या जागी वडिलांचा भरलेला, न उघडलेला जेवणाचा डबा बघतो. बस, एवढीच गोष्ट.

लिहिताना मोठं झालेल्या माणसाचं निवेदन घालायचा मोह फार होतो. "त्या दिवशी मला कळलं की..." असं वाक्य आलं की पोराचं अज्ञान संपतं आणि प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. बायकांचा संवाद मात्र पूर्ण लिहायचा, पानभर, नावानिशी. पोराला ऐकू येतील ते तीनच तुकडे ठेवायचे आणि बाकीचं आवाजात मागे सारायचं. अर्धवट ऐकू आलेलं खरं वाटायला आधी ते पूर्ण बोललेलं असावं लागतं. पानांचा हिशेबही इथे वेगळा असतो. एक पान म्हणजे एक मिनिट हे गणित संवादाच्या सीनला लागू पडतं. पोरगा एकटा काहीतरी करतोय असे सीन कागदावर चार ओळी घेतात आणि पडद्यावर दीड मिनिट खातात. दहा मिनिटांची फिल्म हवी असेल तर सात पानांवर थांबलेलं बरं.

पोरगा शोधायला आम्ही ऑडिशन ठेवत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन शाळेत खेळाच्या तासाला जाऊन बसतो. स्नेहसंमेलनात बक्षीस मिळवलेली मुलं शिक्षक आधी पुढे करतात. ती गुणी असतात, पण त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायला शिकलेला असतो आणि प्रत्येक वाक्याला पाठांतराची चाल असते. ती चाल मोडायला लागतो तेवढ्या वेळात दुसरा मुलगा तयार होतो. आम्ही मुलांना काम देतो: ही नाणी मोज, या बाटलीत नरसाळ्याने पाणी भर, पिशवीला गाठ मार. ज्याचे हात कामात असताना तो आपल्याला विसरतो, तो आपला. भाषा तिथलीच हवी. सोलापूरच्या पोराच्या तोंडचं "काय बे" बाहेरून शिकवून येत नाही, आणि आलं तर ते कानाला खुपतंच.

निवड झाली की पालकांना तीन गोष्टी लेखी द्यायच्या: केस कापायचे नाहीत, मेंदी लावायची नाही, आणि शूटिंगच्या आठवड्यात घरातल्या लग्नाला परगावी जायचं असेल तर आत्ताच सांगा. मेंदीचा रंग आठवडा-दोन आठवडे हटत नाही आणि नाणी मोजणाऱ्या हाताच्या क्लोजअपमध्ये तो लपत नाही. चौथी गोष्ट कोणाच्याच हातात नसते, ती म्हणजे दात. सहा ते आठ वर्षांच्या वयात पुढचे दात पडतात. अर्धी फिल्म आत्ता आणि अर्धी दिवाळीनंतर, असा बेत केला तर एकाच सीनमध्ये दात येतो आणि जातो. पैसे कमी असतील तर सीन कमी करा, पण शूटिंग सलग करा.

परवानगीचा भाग विद्यार्थी हटकून टाळतात. "आमची फिल्म विकायची नाही" असं म्हणून भागत नाही. बालकामगार कायद्याखालचे नियम २०१७ मध्ये सुधारले, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला दृक्‌श्राव्य निर्मितीत घ्यायचं तर त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ठरलेल्या नमुन्यातलं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. हमीपत्र सहा महिने चालतं. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या मानधनातला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाच्या मुदत ठेवीत टाकायचा. अर्ज शूटिंगच्या तोंडावर करू नये. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वेळ घेतो आणि तो तुमच्या कॉलशीटकडे, म्हणजे शूटिंगच्या दिवसाच्या वेळापत्रकाकडे, बघत नाही.

या नियमांतला पाच तासांचा आकडा आम्ही अडचण मानत नाही. तिसरीतलं पोरगं मन लावून काम करतं ते तेवढंच, खरं तर त्याहूनही कमी. कपडे आणि मेकअप धरून पाच तास मोजायचे. सोलापुरात मार्च-एप्रिलमध्ये शूट असेल तर सकाळी सात ते बारा एवढीच वेळ मुलाची. दोन तास काम, अर्धा तास खाणं-खेळणं, पुन्हा दीड तास, आणि शेवटचा एक तास हातचा राखून. मूल गेल्यावर मोठ्यांचे शॉट घ्यायचे. त्यासाठी लाईट स्टँडवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला लाल टेप बांधायची. बायका त्या टेपकडे बघून बोलतात. हे केलं नाही तर उलट बाजूच्या शॉटमध्ये सगळ्यांची नजर पोराच्या डोक्यावरून निघून जाते आणि एडिटला बसल्यावरच लक्षात येतं.

आता मुख्य गोष्ट, कॅमेऱ्याची उंची. मुलाला भिंतीला उभं करून जमिनीपासून डोळ्यापर्यंत मोजायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं माप साधारण ११० ते ११८ सेंटिमीटर भरतं. ते माप ट्रायपॉडच्या पायावर मार्करने लिहून ठेवायचं आणि मूल ज्या सीनमध्ये उभं आहे तिथे लेन्स त्या उंचीवर. मूल खाली बसलं की पुन्हा मोजायचं. मांडी घातल्यावर डोळे साठ सेंटिमीटरच्या आसपास येतात आणि नेहमीचा ट्रायपॉड तिथवर जात नाही. हाय हॅट, म्हणजे कॅमेरा जमिनीलगत बसवायचा बुटका स्टँड, भाड्याने घ्या, नाहीतर पाट आणि विटांवर फळी टाकून कॅमेरा ठेवा, फक्त फळीखाली रबराचा तुकडा हवा.

उंची खाली आणली की नव्वद टक्के लोक पुढची चूक करतात. मोठ्यांचे चेहरे यावेत म्हणून कॅमेरा वर कलवतात. त्याने दोन गोष्टी बिघडतात. मागे आभाळ येतं आणि पांढरं फटक होतं, आणि प्रत्येक मोठा माणूस खलनायक वाटायला लागतो. लेन्स सरळ ठेवा. सुपर ३५ (सिनेमा कॅमेऱ्यांचं एक प्रचलित माप) सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स ११५ सेंटिमीटरवर सपाट ठेवली तर सव्वा मीटरवर उभ्या असलेल्या बाईची हनुवटी फ्रेमच्या वरच्या कडेला लागते. म्हणजे जवळच्या बाईचा पदर, बांगड्या, कमरेवरचा हात आणि कॅन दिसतो, चेहरा नाही. तीच बाई तीन मीटर मागे गेली की चेहरा पूर्ण दिसतो. जवळची माणसं बिनचेहऱ्याची आणि लांबची ओळखीची, ही रांगेतल्या लहान मुलाची खरी नजर आहे. ती लेन्सच्या गणितातून फुकट मिळते. फोनवर शूट करत असाल तर नेहमीची लेन्स नको, ती फार रुंद असते. दुप्पट झूमची लेन्स या मापाच्या जवळ येते.

ही उंची पूर्ण फिल्ममध्ये पाळायची आणि एकदाच मोडायची. आमच्या पटकथेत ती जागा शेवटच्या सीनची: पोरगा डबा बघायला स्टुलावर चढतो, आणि पहिल्यांदा आईचा चेहरा त्याच्या समोर, सरळ रेषेत येतो. आधीच दोनदा उंची बदलली असेल तर या शॉटमध्ये काहीच घडत नाही.

मूल मार्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जागेवर, थांबत नाही. जमिनीवर टेप लावली की ते टेपकडे बघतं. शहाबादी फरशी असेल तर फरशीची सांध दाखवायची, "ह्या रेघेला पाय लावून उभा राहायचं." तरीही ते अर्धा फूट पुढे-मागे होणार, म्हणून अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडझाप होणारं छिद्र, आकडा मोठा तसा फोकसचा पट्टा खोल) ४ ते ५.६ च्या मध्ये ठेवायचं. मागचं सगळं धूसर दिसावं म्हणून १.८ वर शूट केलेल्या मुलांच्या फिल्ममध्ये निम्मे चांगले टेक फोकस नसल्याने जातात.

दुकानाची निवड दिशा बघून करायची. रांगेचा प्रसंग गोष्टीत वीस मिनिटांत घडतो, शूट व्हायला तीन सकाळी लागतात. पूर्वेकडे तोंड असेल तर सात वाजता लांब सावल्या आणि अकराला डोक्यावर ऊन, शॉट एकमेकांना जुळत नाहीत. पश्चिमेकडे तोंड असलेलं दुकान घेतलं तर दुपारपर्यंत दर्शनी भाग स्वतःच्याच सावलीत राहतो आणि समोरच्या भिंतीवरून येणारा उजेड थर्माकोलचा पांढरा तक्ता धरल्यासारखा मऊ मिळतो. अनवाणी पायांचे शॉट पहिल्या तासात उरकायचे. नऊनंतर फरशी तापते, आणि चटका बसल्याचा अभिनय करून घेता येतो, चटका द्यायची गरज नाही.

कॅनमध्ये रॉकेल खरं भरायचं नाही, कधीच नाही, क्लोजअपलाही नाही. रेशनचं रॉकेल निळं असायचं, त्यामुळे पाण्यात खाण्याचा निळा रंग चालतो. लिटरला दोन-तीन थेंबांपासून सुरुवात करून कॅमेऱ्यात बघत वाढवायचा. पांढऱ्या कॅनमधून तो फिकट दिसायला हवा, गडद झाला की शाई वाटते. कॅन रिकामा दिला तर पोराचं शरीर खोटं बोलतं, खांदा कलत नाही. पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, तेवढं लेकराला उचलायला लावायचं नाही. दोन लिटर पुरतात: खांदा हवा तेवढा कलतो आणि दुसरा हात आपोआप बाजूला तरंगतो. पूर्ण भरलेला कॅन लागेल तिथे फक्त कॅनचा क्लोजअप, धरणारा हात फ्रेमबाहेर मोठ्या माणसाचा. वास पडद्यावर येत नाही, म्हणून तो हातातून दाखवायचा. मूल बोटं नाकाशी नेतं, चड्डीला पुसतं, पुन्हा नाकाशी नेतं. रंगामुळे चड्डीवर डाग पडतात, गणवेशाचे दोन जोड शिवून घ्या आणि दुसरा आधीच दोनदा धुऊन ठेवा.

माणसांऐवजी डब्यांची रांग ही या फिल्मची सगळ्यात सुंदर फ्रेम, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पंचवीस-तीस डबे लागतात: पाच लिटरचे कॅन, तेलाचे पंधरा किलोचे पत्र्याचे डबे, दोऱ्याने बांधलेल्या काचेच्या बाटल्या, आणि मध्ये एक दगड, एक तुटकी चप्पल, कारण डबा घरी राहिला तरी नंबर लागायचा. आजचे कॅन फार चकचकीत असतात. पॉलिशपेपरने घासायचे, पुसट तेलाचा हात फिरवायचा, वर धूळ. प्रत्येक डब्याच्या बुडाला खडूने आकडा टाकायचा आणि प्रत्येक शॉटनंतर वरून फोटो काढायचा. रांग पुढे सरकते तेव्हा लोक डबा पायाने ढकलतात. पत्रा फरशीवर घासल्याचा तो आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, फिल्मभर कामी येतो.

काळ उभा करताना लोक वस्तू आणत बसतात. आम्ही आधी वस्तू काढतो. फ्रेममधून जायला हव्यात: डिशच्या छत्र्या, पांढरे एलईडी पथदिवे, फ्लेक्स, क्यूआर कोड, पेव्हर ब्लॉक, दुकानाच्या पाटीवरचे दहा आकडी मोबाईल नंबर, गाड्यांच्या नव्या हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. भावफलकावर ₹ हे चिन्ह नको, ते २०१० मध्ये आलं, तिथे "रु." हवं. पोराच्या मुठीतली दहाची नोट अशोकस्तंभाची हवी. गांधीजींच्या चित्राची मालिका १९९६ मध्ये सुरू झाली, त्याआधी पाचशेची नोट आणि १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या नोटा सोडल्या तर ते चित्र नोटेवर नव्हतं. रेशनकार्ड केशरी घेतलं तर चुकलंच. राज्यात पिवळी, केशरी, पांढरी कार्डं १९९९ पासून आली. एवढं काढलं की आणायच्या वस्तू थोड्याच उरतात, आणि त्या वापरलेल्या असाव्यात. कंपासपेटी असेल तर तिच्या झाकणाला पोचा हवा आणि आत तुटकी शिसं.

कॅमेऱ्याचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, पहिल्याच दिवशी ठरवा. थिएटरच्या डीसीपीसाठी (थिएटरात चालणारी डिजिटल प्रत) २४ सुरक्षित. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून शटर एक पन्नासांश सेकंद. फोन आपसूक ३० फ्रेम आणि एक साठांशवर जातो आणि दुकानातल्या ट्यूबलाईटखाली पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. हे आकडे हाताने ठरवता येतील असं मॅन्युअल अ‍ॅप घेऊन हे कुलूपबंद करा.

आवाजाबद्दल जरा सविस्तर, कारण आठवणीच्या फिल्मचा अर्धा जीव तिथे असतो. गणवेशाच्या जाड कापडाखाली लेपल माईक (कपड्याला लावायचा छोटा माईक) खरखरतो, आणि मूल त्याच्याशी खेळतं. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माईक, वापरा, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, आवाजाची टोकं उणे बारा डेसिबलच्या आसपास. प्रत्येक जागेचा एक मिनिट मोकळा आवाज घ्या, पंखा-फ्रिज बंद करून. मुलाचा संवाद नीट आला नसेल तर तिथेच, त्याच जागी, कॅमेरा बंद करून लगेच पुन्हा बोलवून घ्या. दोन महिन्यांनी स्टुडिओत आणलेल्या मुलाकडून तेच वाक्य त्याच श्वासात येत नाही. रांगेतल्या बायकांची पानभर कुजबुज वेगळी रेकॉर्ड करा, माईक मुलाच्या कानाच्या उंचीला आणि बायकांकडे पाठ करून. घरातला स्टो पेटवायचा असेल तर मूल खोलीबाहेर असताना, मोठ्या माणसाने. बाहेरून ऐकू येणारा पंपाचा आवाज, पिन मारल्यावरची फुसफूस आणि मग स्थिर झालेली घरघर, एवढ्यावर आई स्वयंपाकघरात आहे हे कळतं.

शेजारच्या रेडिओवर एखादं जुनं गाणं लावायची कल्पना सगळ्यांना सुचते. सीनमध्ये रेडिओ दिसतोय म्हणून हक्क माफ होत नाहीत. गीत-संगीताचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि दोन्ही लागतात. बडबडगीतांचंही तसंच, पारंपरिक समजली जाणारी कितीतरी गाणी नावाजलेल्या कवींची असतात. बातम्यांचा निवेदक स्वतः लिहून रेकॉर्ड करा, त्यात गिरणीची बातमी पेरता येते.

सेटवर मुलाला पटकथा वाचायला देऊ नका. सीन सांगा, पण शेवट सांगू नका. "अ‍ॅक्शन" हा शब्द ओरडून म्हणायचा नाही, "चल, सुरू कर" पुरतं. प्रत्येक टेकनंतर मूल दिग्दर्शकाकडे बघतं, कारण शाबासकी तिथून येते. म्हणून दिग्दर्शकाने समोरच्या नटाच्या मागे, नजरेच्या रेषेत उभं राहायचं, आणि कट म्हणायच्या आधी वीस सेकंद कॅमेरा चालू ठेवायचा. संपलं असं वाटून मूल जे करतं, पाय घासतं, कॅनचं झाकण उघड-बंद करतं, ते एडिटमध्ये सगळ्यात आधी उचललं जातं.

एडिट मात्र ज्याची आठवण आहे त्याने एकट्याने करू नये. त्याला पडद्यावर नसलेलंही दिसत असतं: गल्लीचं वळण, वडिलांचा सदरा, त्या दुपारचं ऊन. रफ कट, म्हणजे एडिटची पहिली कच्ची जुळणी, अशा तिघा-चौघांना दाखवा ज्यांनी पटकथा वाचलेली नाही, आणि आवडली का असं विचारू नका. गोष्ट सांगायला सांगा. भरलेला डबा त्यांच्या सांगण्यात आला नाही तर तो शॉट कमी पडतोय, बायकांचं बोलणं शब्दशः आलं तर आवाज जास्त झालाय. बहुतेकदा पहिले दोन मिनिट कापावे लागतात, कारण गल्ली, घर, आई, शाळा अशी ओळखपरेड तिथे असते. फिल्म थेट रांगेत सुरू झालेली चालते.

लांबी पंधरा मिनिटांच्या आत ठेवा. राष्ट्रीय पुरस्कारांत तीस मिनिटांपर्यंत मुभा आहे, पण महोत्सवात आठ-दहा फिल्म एकत्र दीड तासाच्या खेळात बसवतात आणि लांब फिल्मला जागा अवघड जाते. इंग्रजी सबटायटल दोन ओळींच्या वर नको, आणि सोलापुरी बोलीचं भाषांतर ती बोली घरात बोलणाऱ्याकडून तपासून घ्या.

महोत्सवांना पाठवायच्या आधी फिल्म त्या गल्लीत दाखवा. शाळेचा हॉल, अंधार पडल्यावर, खिडक्यांना घोंगड्या. स्पीकर प्रोजेक्टरजवळ ठेवू नका, पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, नाहीतर कुजबुज मागून येते आणि लोक वळून बघतात. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना त्याआधी वेगळी, शांतपणे दाखवा, कारण शेवट त्याला अजून माहीत नसतो आणि तो पहिल्यांदा दोनशे लोकांत कळणं बरं नाही. खेळ संपल्यावर त्याला स्टेजवर बोलायला उभं करू नका. मुदत ठेवीची पावती मात्र त्याच दिवशी घरच्यांच्या हातात द्या.